टाळकऱ्याला मागं बसवा: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची लेव्हल कशी सांभाळायची

"माझे शब्द कुठं गेले रे?"

मी मिक्स केलेला पहिला अभंग ऐकून आत्यानं एवढंच विचारलं. त्या दिवशी मी दुपारपासून लॅपटॉपसमोर बसलो होतो. आधी वाटलं गाणं कमी ऐकू येतंय, म्हणून आत्याचा फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला. मग पेटी दबली, तिला वर काढलं. त्यात तबला मागे पडला. तबला वाढवला तर टाळ गायब, म्हणून टाळही वाढवले. रात्री साडेनऊला पाचही फेडर टोकाला, मास्टर (सगळ्यांचा एकत्र आवाज दाखवणारा मीटर) लालभडक, आणि शब्द तरीही कळेनात. आत्यानं हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "माझा आवाज कशाला वाढवतोस? त्या टाळकऱ्याला जरा मागं बसव की."

आत्या चाळीस वर्षं भजनी मंडळात गातेय. डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण बैठक कशी मांडायची ते पक्कं ठाऊक आहे. गाणारा मधे आणि पुढे, पेटी एका हाताला, तबला दुसऱ्या हाताला, टाळकरी मागे. घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या कोणालाही मी आता हेच सांगतो: एखादी गोष्ट ऐकू येत नसेल तर ती वाढवण्याआधी तिच्यावर काय बसलंय ते बघा आणि ते उतरवा.

उदाहरण म्हणून तोच अभंग घेऊ. पाच ट्रॅक: आत्याचा आवाज, पेटी, तबला, टाळ आणि मोबाईलच्या ॲपवरचा तानपुरा. माईक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, एक डायनॅमिक माईक. सॉफ्टवेअर रीपर (साठ दिवस चाचणीसाठी मोफत, नंतरही फार महाग नाही). तुम्ही दुसरं काही वापरत असाल तरी बटणांच्या जागा तेवढ्या बदलतील, आकडे तेच राहतील.

आधी मीटर वाचायला शिका

कॉम्प्युटरमधल्या मीटरवर शून्य हे छत असतं. त्याच्या वर काही नाही. म्हणून सगळे आकडे उण्यात असतात: -६, -१२, -१८. (उणे कोणी म्हणत नाही, स्टुडिओत सगळे मायनसच म्हणतात.) रेकॉर्ड होताना आवाज शून्याला धडकला की लहरीचं डोकं कापलं जातं. याला क्लिप होणं म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द जास्त चांगला आहे, आवाज फाटतो. फाटलेलं कापड रफू करता येतं तसं यालाही थोडं शिवणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण शिवण दिसते.

दोन अंदाज डोक्यात पक्के बसवा. ६ डीबी वाढ म्हणजे लहरीची उंची दुप्पट. कानाला मात्र आवाज "दुप्पट जोरात" वाटायला साधारण १० डीबी लागतात. म्हणजे मीटर ज्याला मोठी उडी म्हणतो ती कानाला तेवढी मोठी वाटत नाही. उलट मिक्समध्ये एक-दीड डीबीचा फरक शब्द कळणं आणि न कळणं ठरवतो.

आणि एक गफलत नवखे सगळेच करतात. मीटरचं टोक म्हणजे पीक, आणि पीक म्हणजे ऐकू येणारा जोर नव्हे. टाळाचा एक ठोका क्षणभर -८ ला जाऊन येतो, पण तेवढ्यात संपतो. तानपुरा -२५ च्या वर कधी जात नाही, तरी सतत वाजत असल्यामुळे खोलीभर पसरलेला वाटतो. दोन्ही ट्रॅकची टोकं सारख्या उंचीवर आणून ठेवली म्हणजे समतोल झाला असं अजिबात नाही. माझ्या त्या लालभडक रात्रीचं अर्धं कारण हेच होतं.

पहिली पायरी: माईक, वीत आणि गेन

२४ बिटवर रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एकदा निवडलं की झालं. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डीबीचं अंतर मावतं, २४ बिटमध्ये गणिताने १४४. घरातल्या कुठल्याही माईकला आणि खोलीला यातलं सगळं वापरता येत नाही, पण फायदा असा की आवाज छताच्या बराच खाली ठेवला तरी काही बिघडत नाही. "जितकं वर तितकं चांगलं" हा सल्ला टेपच्या काळचा. टेपला स्वतःची खरखर असायची, म्हणून आवाज तिच्यापासून शक्य तितका वर ठेवावा लागे. तो सल्ला आज पाळू नका.

गाणाऱ्याचं तोंड आणि माईक यात एक वीत अंतर ठेवा. अंतर निम्मं केलं की पातळी सुमारे ६ डीबीनं वाढते. गाणारा लयीत डोलायला लागला की हे अंतर सतत बदलतं आणि ट्रॅक वरखाली होतो. आत्या तर प्रत्येक समेला पुढे झुकते. तिला "हलू नकोस" सांगून बघितलं, गाणंच आखडलं. शेवटी माईक दीड वीत लांब नेला. झुकण्याचा फरक कमी झाला, खोलीचा आवाज थोडा जास्त आला. मला तो सौदा परवडला.

आता गेन, म्हणजे माईकमधून येणारा आवाज किती उचलायचा ते. कंडेन्सर माईक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबा. डायनॅमिकला त्याची गरज नाही, पण त्याला गेन जास्त द्यावा लागतो. गाणाऱ्याला धृपद म्हणायला सांगू नका, अभंगात सूर सर्वांत चढतो तो अंतरा म्हणायला सांगा. तिथं पीक -१२ च्या आसपास येईल इतका गेन ठेवा. मग नॉब अजून थोडा मागे घ्या, कारण चाचणीत माणूस बुजून गातो आणि खऱ्या टेकमध्ये तीन-चार डीबीनं तरी चढतो. सरासरी -२० ते -१८ च्या घरात, चुकून एखादा सूर -८ पर्यंत गेला तरी चालेल. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. लागला तर टेक कितीही सुंदर असो, परत घ्या.

टाळाचं प्रकरण वेगळं आहे. पितळेचा तो ठोका इतका झटकन येतो-जातो की मीटर तो पूर्ण दाखवेलच असं नाही. माईक चार-पाच फूट लांब ठेवा, टाळ वाजवणाऱ्याला माईककडे पाठ करून बसवून बघा, आणि पीक -१५ च्या वर जाऊ देऊ नका. जवळून घेतलेला टाळ नंतर कितीही खाली आणला तरी कानाजवळच वाजतो. मागं बसवायचं असेल तर रेकॉर्ड करतानाच मागं बसवा.

तबल्याला एकच माईक असेल तर तो दोन्हीच्या मधे, हातभर वर. डग्ग्याकडे थोडा कललेला ठेवा, कारण चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) मुळातच टोकदार असते, ती कशीही येते. पेटीचा माईक भात्याच्या बाजूला नको, भात्याची धाप येते.

आणि शक्य असेल तर सगळे एकाच वेळी घेऊ नका. एका खोलीत सगळे बसले की आत्याच्या माईकमध्ये टाळ शिरतो. मग आत्याला वाढवलं की टाळही वाढतो, फेडर कितीही हलवा. आम्ही आधी तानपुरा आणि तबला घेतो, आत्या हळू गाऊन इशारे देते. मग पेटी. मग हेडफोन लावून आत्याचं खरं गाणं. टाळ सर्वांत शेवटी. एकत्र बसण्याची मजा यात थोडी जाते, हे कबूल.

दुसरी पायरी: खोली गप्प करा

आमचं घर इचलकरंजीत, आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटखट. आम्हाला ती ऐकूच येत नाही, माईकला येते. माझा आधीचा समज असा की गाणं मोठं आणि खटखट बारीक, कोणाला कळणार आहे? इथं थोडं गणित करू.

समजा गाणं थांबलेलं असताना ट्रॅकवर मागाचा आवाज -६० ला आहे. नीट ऐकलं तरच कळेल. पुढे कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबणारं साधन, पाचव्या पायरीत येईल) लावून तुम्ही गाणं ६ डीबीनं वर आणलं. खटखटही ६ वर आली, -५४. शेवटी मास्टरवर लिमिटरनं (ठरलेल्या छताच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन) अजून ८ चढवले. आता ती -४६ ला, आणि गाणं संपल्यावर तानपुरा विरतो त्या शांत जागी कोणीही विचारेल, मागे काय वाजतंय? कॉम्प्रेसर आणि लिमिटर वरच्याला दाबून एकूण उचलतात, त्यात खालचं सगळं वर येतं. पंखा, फ्रीज, कुकरची शिट्टी, सगळं.

आम्ही काय करतो? वीज गेली की रेकॉर्ड करतो. माग बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेसला वीज यूएसबीतून. उन्हाळ्यात घाम निघतो, पण -६० चं -७२ होतं, आणि हे कुठलंही प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) इतकं स्वच्छ करून देत नाही. तुमच्याकडे माग नसतील तर पहाट आहे.

गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टाका. जाड, जुन्या साड्यांच्या. महागड्या फोमपेक्षा मला त्या सरस वाटतात. निदान धुता तरी येतात.

तिसरी पायरी: फेडरला हात लावण्याआधी

सगळे ट्रॅक आले. अजून फेडर नको. आधी प्रत्येक ट्रॅक एकट्यानं ऐका आणि त्याच्या आतले चढउतार हातानं सारखे करा. आत्या धृपद हळू घेते आणि अंतऱ्याला उघडते. हा तिच्या गाण्याचा भाग आहे, तो ठेवायचा. पण एखादा शब्द तोंड वळल्यामुळे बुडाला असेल, एखादा "प" किंवा "भ" माईकवर आदळला असेल, तर तेवढा तुकडा कापून (रीपरमध्ये एस दाबला की तुकडा होतो) त्याचीच पातळी दोन-तीन डीबी वर किंवा खाली करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम एन्व्हलप टूलनं होतं.

कंटाळवाणं काम आहे. चार मिनिटांच्या अभंगाला मला पाऊण तास लागतो. पण इथं जो हातानं सारखा केला त्याला पुढे कॉम्प्रेसर कमी लागतो, आणि कमी कॉम्प्रेसर म्हणजे गाण्यात जास्त जीव. श्वास मात्र पुसू नका. दोन ओळींमधला श्वास काढला की गाणारा माणूस राहत नाही.

चौथी पायरी: बैठक मांडा

आता सगळे फेडर पूर्ण खाली. हो, सगळे. स्पीकरचा आवाज असा ठेवा की शेजारी बसलेल्या माणसाशी न ओरडता बोलता येईल, आणि तो नॉब आता मिक्स संपेपर्यंत हलवायचा नाही. तो हलत राहिला की तुमच्याकडे मोजपट्टीच उरत नाही.

का, ते थोडक्यात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की कान सगळ्या सुरांना सारखा ऐकत नाही. आवाज हळू असेल तर खर्जातलं कमी ऐकू येतं, मोठा असेल तर जास्त. म्हणजे मोठ्या आवाजात मिक्स केलं की डग्गा भरपूर वाटतो, तुम्ही तो कमी ठेवता, आणि मग घरोघरी हळू आवाजात डग्गा सापडत नाही. शिवाय मोठ्यानं ऐकलेलं काहीही चांगलंच वाटतं. ही फसवणूक पुढे सगळ्या पायऱ्यांवर भेटेल.

पहिला फेडर आत्याचा. तो असा लावा की मास्टर मीटरवर तिची टोकं -१२ च्या आसपास येतील. झाला. हा खांब. याला पुन्हा हात लावायचा नाही, बाकी सगळे याच्याभोवती बसवायचे.

दुसरा तबला. डग्गा पोटात जाणवला पाहिजे आणि चाट शब्दांच्या पुढे येता कामा नये. एकाच माईकवर दोन्ही आलेत, त्यामुळे हे फेडरनं पूर्ण जमणार नाही; चाट फार टोचत असेल तर इक्वलायझरनं (खर्ज, मधलं, वरचं वेगवेगळं कमी-जास्त करणारं साधन) वरचं थोडं उतरवा.

मग पेटी, आणि इथं थांबून लक्ष द्या. भजनातली पेटी गाण्याच्या मागोमाग तेच सूर वाजवते. तोच सूर, त्याच वेळी, आणि रीडचा आवाज नेमका त्या पट्ट्यात भरलेला जिथं व्यंजनं ऐकू येतात. कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या भागात सर्वांत तिखट असतो; शब्दांची धार तिथंच, पेटीची धारही तिथंच. आत्याचे शब्द तिथं गेले होते. टाळानं टोचलं होतं, गिळलं पेटीनं.

काय केलं ते सांगतो. पेटीचा फेडर पूर्ण खाली आणून हळूहळू वर नेला, ती ऐकू यायला लागली तिथं थांबलो, आणि मग अजून २ डीबी खाली आणला. पॅन (आवाज डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा नॉब) थोडा डावीकडे, तीस टक्के. इक्वलायझरनं अडीच हजारच्या आसपास ३ डीबी उतार. एवढ्यानं शब्द वर आले. आत्याचा फेडर जागचा हलला नव्हता. मात्र आत्या ओळ संपवून श्वास घेते तेव्हा पेटीवाला मधली जागा भरतो, आणि ती जागा आता पोकळ वाटायला लागली. तिथं ऑटोमेशन, म्हणजे फेडर आपोआप हलवायची सोय: ओळ संपली की पेटी ३ डीबी वर, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत परत खाली. चार मिनिटांत अशा अकरा जागा निघाल्या. चांगला पेटीवाला समोर बसून हेच हाताने करतो, भाता हलका सोडून. रेकॉर्डिंगला तो एकटाच बसला होता, हेडफोनमध्ये आत्या हळू गात होती, म्हणून त्यानं सगळंच भरून वाजवलं. दोष त्याचा नाही.

टाळ उजवीकडे थोडे, तबला मधे, तानपुरा दोन्हीकडे पसरलेला. टाळ किती? बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, पण चालू असताना त्यांच्याकडे लक्ष जाऊ नये. तानपुराही तसाच. मिरजेचा खरा तानपुरा जवळ असता तर मी तो जरा पुढे ठेवला असता. ॲपवरचा मागेच बरा.

सगळे बसल्यावर मास्टर बघा. पाच ट्रॅक एकत्र आले की पातळी चढते, टोकं -६ च्या खाली असली पाहिजेत. वर गेली असतील तर सगळे फेडर एकत्र निवडून सारखे खाली आणा, समतोल तोच राहतो. आजची सॉफ्टवेअर आतून फ्लोटिंग पॉइंटवर (आकडे ठेवायची अशी पद्धत जिला छत जवळपास नसतंच) चालतात, त्यामुळे आतल्या आत शून्य ओलांडलं तरी लगेच काही फाटत नाही हे खरं. पण बाहेर पडताना फाटतंच, आणि काही प्लगइन आतही बिघडतात. जागा ठेवून काम करायची सवय लावा.

पाचवी पायरी: कॉम्प्रेसर, गरजेपुरता

कॉम्प्रेसर म्हणजे फेडरवर ठेवलेला एक चपळ हात. ठरलेल्या रेषेवर आवाज गेला की तो दाबतो. रेषा -१४ ला, प्रमाण तीनास एक, आणि आत्याचा सूर -८ ला गेला असं धरा. रेषेच्या वर ६ डीबी आहेत, त्यांचे दोनच बाहेर येतील. सूर -१२ ला मिळेल, म्हणजे ४ डीबी दाबले गेले. अभंगासाठी एवढं पुष्कळ झालं. मीटरची सुई सतत सात-आठवर नाचत असेल तर तुम्ही गाणं नाही, कणीक दाबताय.

अटॅक (हा हात किती झटकन दाबतो ते) फार झटपट ठेवलात तर शब्दाची सुरुवातच चिरडते. वीस मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. दाबल्यावर गेलेली पातळी मेकअप गेननं परत द्या, आणि मग बायपास करून, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करून, दोन्ही ऐका. दोन्ही सारख्या आवाजात ऐकू येतात याची खात्री करूनच ऐका. नाहीतर मेकअपचे २ डीबी जास्त गेले की कॉम्प्रेसर जादू करतोय असं वाटतं, आणि जादू त्या २ डीबींची असते.

पेटीला कॉम्प्रेसर नको, ती मुळातच सपाट आहे. टाळाला मी कधीच लावत नाही.

सहावी पायरी: तीन ठिकाणी ऐका, मग झोपा

मोबाईलच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येणार नाही. येऊ नयेच, त्या एवढ्याशा पडद्याला तो जमत नाही. तिथं फक्त शब्द तपासा. मग गाडीत किंवा टीव्हीवर. मग मास्टरवर मोनोचं (डावं-उजवं एकच करणारं) बटण दाबून; मोनोत पेटी परत आत्यावर येऊन बसते का ते कळतं. बसत असेल तर पॅनवर विसंबून तुम्ही तिला मोठी ठेवलीत, अजून एक डीबी खाली.

शेजारच्या खोलीत जाऊन दार अर्धं ओढून ऐका. हा माझा आवडता उपाय. भिंतीआडून जो सर्वांत आधी ऐकू येतो तो सर्वांत मोठा. माझ्याकडे पहिल्यांदा टाळ आले होते.

त्या रात्री मास्टर करू नका, म्हणजे गाण्याची शेवटची एकूण पातळी ठरवू नका. थकलेल्या कानाला वरचं कमी ऐकू येतं आणि माणूस टाळ वाढवतो.

सातवी पायरी: मास्टर

मिक्स एका फाईलमध्ये काढा, २४ बिट, मास्टरवर लिमिटर न लावता, टोकं -६ च्या आसपास. ही फाईल जपून ठेवा. मास्टर नव्या प्रोजेक्टमध्ये करा, म्हणजे मधेच पेटीचा फेडर हलवायचा मोह होत नाही.

इथं नवा मीटर लागतो, लाउडनेसचा. युलीन नावाचा चांगला मीटर मोफत मिळतो. त्याचं एकक लफ्स (LUFS). टोकं न मोजता कानाला एकूण किती जोर वाटतो ते तो मोजतो, बास कमी धरून आणि शांत जागा वगळून. या मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानक २००६ साली आलं, आणि २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी टीव्ही-रेडिओसाठी -२३ हा आकडा ठरवला, कारण कार्यक्रम हळू आणि जाहिरात कानठळ्या बसवणारी याला लोक वैतागले होते.

गाण्यांच्या ठिकाणी आकडे वेगळे. युट्यूब आणि स्पॉटिफाय -१४ च्या आसपास, ॲपल म्युझिक -१६. तुमचं गाणं याहून मोठं असेल तर ते आपणहून खाली ओढतात. मी माझा पहिला अभंग लिमिटरनं चेपून -८ ला नेला होता. युट्यूबनं त्याला ६ डीबी खाली आणलं. हाती काय उरलं? तबल्याची थाप गेलेला, सपाट झालेला अभंग, आणि तोही बाकीच्यांच्याच आवाजात. हळू गाण्याला युट्यूब वर उचलत नाही, एवढं लक्षात ठेवा. म्हणून फार खालीही नको.

भजनासाठी मी -१६ धरतो. पद्धत साधी: लिमिटरची कमाल मर्यादा -१ ट्रू पीकवर, म्हणजे लहरीच्या खऱ्या टोकाला धरून, ठेवा (एमपी३ किंवा तत्सम फाईल बनताना टोकं थोडी वर उसळतात, त्यासाठी ही जागा). मग गेन हळूहळू वाढवा आणि अख्खं गाणं पहिल्यापासून वाजवून लाउडनेस बघा. अंतऱ्यातला एक तुकडा मोजून उपयोग नाही. लिमिटर २-३ डीबीपेक्षा जास्त दाबत असेल आणि तरी आकडा गाठत नसेल, तर परत मिक्समध्ये जा. तिथं बहुधा एखादी टोकदार गोष्ट, आमच्याकडे चाट, सगळ्यांची जागा अडवून बसलेली असते. तिला २ डीबी उतरवलं की एकूण गाणं तेवढंच वर नेता येतं. आकडा -१७ वर थांबला तरी दुःख मानू नका, ऐकणारा एक डीबीसाठी गाणं सोडून जात नाही.

चार-पाच अभंग एकत्र देणार असाल तर प्रत्येक -१६ ला नेऊ नका. गाण्याचा आवाज सगळीकडे सारखा वाटला पाहिजे. फक्त तानपुऱ्यावर म्हटलेली विराणी -१९ ला असेल तर ती -१९ ला राहू द्या, नाहीतर गौळणीपेक्षा विराणी मोठी वाजते.

शेवटी प्रती

युट्यूबसाठी २४ बिटची वेव्ह फाईलच व्हिडिओत टाका. अपलोड करून खाजगी ठेवा, कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. तिथं कंटेंट लाउडनेससमोर -२ डीबी दिसलं तर तुम्ही त्यांच्या रेषेपेक्षा दोन खाली आहात. अधिक आकडा दिसला तर तेवढं ओढलं गेलंय.

सीडी हवी असेल तर १६ बिट, आणि डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर) फक्त त्या एकाच वेळी. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाईल आहे तशी जाते.

आणि देवळाच्या कर्ण्यासाठी एक वेगळी प्रत. कर्णा मोनो असतो, त्याला खर्ज झेपत नाही आणि वरचं मधलं तो आधीच किंचाळून सांगतो. मोनो करा, दीडशे हर्ट्झच्या खालचं कापा, अडीच-तीन हजारच्या भागात ४ डीबी उतरवा, टाळ अजून ३ डीबी खाली. या प्रतीला -१४ ला न्यायला हरकत नाही, कारण मोकळ्यावर बारकावे कोणाला ऐकू येणार? पेन ड्राइव्हवर "कर्णा" असं नाव देऊन पुजाऱ्यांकडे द्या. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा लावायचं ते सहानंतर. आमच्याकडे सव्वासहाला लागतं, आणि आत्या अंगणात सडा टाकता टाकता थांबून ऐकते, शब्द येतात का.